वरचा आकडा, खालचा आकडा

माझा वरचा आकडा १५२. खालचा ९८. वय २६.

हा शोध मला कुणी मायेनं लावून दिला नाही. गोदीच्या गेटाचा पास नव्यानं काढायचा होता. ठेकेदाराच्या डॉक्टरनं दंडाला पट्टा आवळला, फुगा दाबला, काट्याकडं बघितलं आणि माझ्या तोंडाकडं न बघता कागदावर लिहिलं. मुकादम म्हणाला, "पुढच्या आठवड्यात ये. बीपी खाली उतरवून ये." जसं काय बीपी म्हणजे माळ्यावरची ट्रंक. आठ दिवस हजेरी बंद. आठ दिवस बिनपगारी घरात बसून, चुलीकडं बघत, बीपी उतरवायचं असा तो हुकूम. टोळीतला एक जुना गडी कानाशी येऊन म्हणाला, "येडा हायेस का? आमी समदे मेडिकलच्या दिवशी सकाळी घरातल्या म्हाताऱ्याची एक गोळी खाऊन येतो."

बघा दोस्तहो. आजार आहे, गोळी पण आहे. फक्त गोळी आजारासाठी नाही, गेटासाठी आहे.

आमच्या वस्तीत अजून म्हणतात की बीपी म्हणजे शेठलोकांचा आजार. त्यांना बीपी, आम्हांला टीबी, अशी वाटणी. लोण्यातुपानं तट्ट फुगलेल्या माणसाला बीपी होतं, फासळ्या मोजता येणाऱ्याला कसलं बीपी! ही वाटणी कधीच मोडीत निघाली. सरकारच्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) पंधरा वर्षांवरच्या बायकांत शंभरातल्या २१ आणि पुरुषांत शंभरातल्या २४ जणांचं बीपी वाढलेलं निघालं. या देशात शंभरात चोवीस शेठ कुठून आले?

खरं सांगायचं तर आकडे आपल्या सोयीचे नाहीत. देशभराचा हिशेब मांडला तर पैसेवाल्या घरात बीपी थोडं जास्तच सापडतं. हे लपवून भाषण ठोकता येईल, टाळ्याही पडतील, पण लबाडीवर चळवळ चालत नाही. फरक पुढं आहे. चौथ्या पाहणीच्या (२०१५-१६) आकड्यांवरून काढलेला हिशेब असा की १५ ते ४९ वयाच्या बीपीवाल्या शंभर माणसांतल्या ४५ जणांनाच आपल्याला बीपी आहे हे ठाऊक होतं. औषधावर होते १३. आणि ज्यांचं बीपी खरोखर ताब्यात होतं असे ८. या आठांत कोण बसलाय आणि बाहेरच्या ब्याण्णवांत कोण उभा आहे हे सांगायला मॅट्रिकची पण गरज नाही. शेठला बीपी होतं तेव्हा त्याला ते कळतं. आपल्याला कळतं ते अर्धं अंग लुळं पडल्यावर.

माझ्या बाला असंच कळलं. २०२२ साली, वय ४९. तो पण गोदीतच. सकाळी मोरीत तोंड धुताना तांब्या उचलेना. आय म्हणाली हात झोपला असंल. हात झोपला तो झोपलाच. बाला बीपी आहे हे तीन वर्षं आधी एका दवाखान्यात सांगितलं होतं, गोळ्याही दिल्या होत्या, फुकट. पण गोळ्या महिन्याच्या महिन्याला मिळणार, खिडकी सकाळी उघडणार, दुपारी बंद होणार, आणि बाची हजेरी पण सकाळीच लागणार. फुकटच्या गोळीची किंमत एक रोज. चौथ्या महिन्यात बा म्हणाला, "मला तर काय होत नाही." खरंच काही होत नव्हतं. या आजाराची हीच तर हरामखोरी. दुखत नाही, खुपत नाही, ताप नाही. आतल्या आत नसा, काळीज, किडनी, मेंदू पोखरत राहतो. घामानं भिजलेल्या माणसाला आपण घाम बघून मजूर म्हणतो. त्याच्या नसांनी किती ओझं ओढलं हे कोण मोजतो?

गेल्या १४ एप्रिलला वस्तीत एका बँकेनं फुकट तपासणीचं शिबिर लावलं होतं. जयंतीला सगळ्यांनाच आमची आठवण येते. तंबूत मोठं रंगीत पोस्टर. रक्तदाब का वाढतो? वय. घराण्यात बीपी. जास्त मीठ. लठ्ठपणा. तंबाखू. दारू. व्यायामाचा अभाव. ताणतणाव. चित्रात एक गोरागोमटा बाप्या बागेत पळतोय, बाई ताटात काकडी चिरतेय. पोस्टर खोटं नाही. त्यातला शब्द न् शब्द डॉक्टर लोकांनी तपासलेला आहे. टोळीतल्या दोस्ताची पोरगी नर्सिंग शिकते, तिच्या वह्या-पुस्तकांतून मी एकेक पडताळलं. भानगड पोस्टरात काय आहे यात नाही, काय नाही यात आहे.

मीठ घ्या. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक चमचाभर, सगळं मिळून. आपल्या देशात माणूस सरासरीनं त्याहून कितीतरी जास्त खातो. मीठ पाणी धरून ठेवतं, रक्ताचं आकारमान वाढतं, नसांच्या भिंतीवर जोर पडतो. इथवर ठीक. पण मीठ आमच्या ताटात आलं कुठून? ज्याला डाळ परवडत नाही, भाजी परवडत नाही, तो भाकरी कशाशी खातो? मीठ-मिरचीशी. खर्डा, लोणच्याचा खार, सुकट, खारवलेले बोंबील, गाडीवरचा वडापाव, रात्री फरसाण. फळ, पालेभाजी, डाळ-कडधान्यं यांत पोटॅशियम असतं, ते मिठाचा जोर थोडा मोडतं. ते बाजारात महाग आणि मीठ स्वस्त. म्हणजे विष स्वस्त, उतारा महाग. मिठासाठी दांडीला १९३० साली लोक चालत गेले त्याचे धडे आम्ही शाळेत पाठ केले. आम्ही त्याच्या आधी १९२७ साली महाडला पाण्यासाठी गेलो, तो धडा शोधावा लागतो. असो. आता मीठ आणि पाणी दोन्ही आमच्या नसांत आहे.

"मीठ कमी खा" हे घरातल्या बाईला सांगणं सोपं आहे, आणि सांगायलाच पाहिजे. वरून मीठ घेणं, पापड, खारं सुकं, हे आजपासून कमी करता येतं, त्यासाठी क्रांतीची वाट बघायची गरज नाही. पण मिठाबरोबर डाळीचा भाव पण सांगा ना साहेब.

मग व्यायाम. मला त्या तंबूतल्या पोरानं विचारलं, "रोज अर्धा तास चालता का?" मी म्हटलं, रोज आठ तास उचलतो, कधी डबल शिफ्ट. तो गोंधळला. त्याच्या फॉर्मात तसा रकाना नव्हता. मोकळ्या हवेत, आपल्या मर्जीनं, दम खात, आराम घेत चाललेलं चालणं बीपी उतरवतं. गोणी उचलताना माणूस श्वास कोंडतो, मान ताठ होते, त्या घटकेला बीपी एकदम वर उसळतं. असं दिवसभर, वर्षानुवर्षं, मध्ये दम खायला बसलं की मुकादमाची शिवी. आता शास्त्रज्ञ पण लिहायला लागलेत की कामावरची अंगमेहनत आणि फुरसतीतला व्यायाम काळजाला सारखे फळत नाहीत. आम्हांला ते आधीच ठाऊक होतं. गोदीतली म्हातारी माणसं धावपटूंसारखी दिसत नाहीत.

वर क्रेन आणि विंचचा आवाज. सततच्या गोंगाटानं बीपी वाढतं. वर रात्रपाळी. निरोगी माणूस रात्री झोपला की त्याचं बीपी दहा-वीस टक्के खाली येतं, नसांना विसावा मिळतो. रात्रपाळीवाल्याचा हा विसावा हुकतो. तो दिवसा दहा बाय दहाच्या खोलीत, टीव्ही, पोरं, कुकरच्या शिट्ट्या आणि पत्र्याच्या उकाड्यात तीन तास डोळे मिटतो आणि त्याला झोप म्हणतो. पोस्टरात झोपेचा प नाही.

आणि सगळ्यात शेवटी, कोपऱ्यात, बारीक अक्षरात: ताणतणाव. उपाय: ध्यान, संगीत, प्रसन्न राहा.

इथं माझं टाळकं सरकतं. ताण म्हणजे काय ढगातून पडतो? १९७९ साली रॉबर्ट कॅरासेक नावाच्या माणसानं सांगितलं की नुसत्या जास्त कामानं माणूस तुटत नाही. काम जास्त आणि त्या कामावर आपला काडीचा अधिकार नाही, ही जोडी माणसाला तोडते. साहेबाला पण डोक्याला ताप असतो, पण तो दार लावू शकतो, उद्या करू म्हणू शकतो. मी मुतायला जायचं तरी विचारतो. इंग्लंडात १९६७ पासून लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतले हजारो पुरुष नोकर तपासले गेले, त्यांचा हिशेब पुढं मायकेल मार्मट वगैरेंनी मांडला. सगळे खुर्चीवाले, पगारवाले, उपाशी कुणीच नाही. तरी सगळ्यात खालच्या पायरीवरचे शिपाई काळजाच्या आजारानं सगळ्यात वरच्या साहेबांच्या तिपटीहून जास्त मेले. बिडी-सिगारेट, बीपी, सगळं हिशेबात धरलं तरी पुष्कळ फरक उरलाच. उरलेला फरक पायरीचा. उतरंडीत कोण कुठं बसलाय याचा. बाबासाहेबांनी आपल्याला श्रेणीबद्ध विषमता शिकवली, ती आम्ही पुस्तकात शोधतो. ती दंडाला पट्टा बांधून मोजता येते.

आता 'घराण्यात बीपी'. आनुवंशिकता असते, नाकारण्यात अर्थ नाही. बापाला असेल तर पोरानं लवकर तपासावं, हे खरंच. पण 'तुमच्या रक्तातच आहे' हे वाक्य ऐकलं की माझे कान टवकारतात. हे वाक्य आम्ही दोन हजार वर्षं ऐकतोय. घाण रक्तात, चोरी रक्तात, अक्कल नसणं रक्तात. आता बीपी पण रक्तात.

अमेरिकेत काळ्या लोकांना गोऱ्यांपेक्षा बीपी जास्त. तिथं पण पिढ्यान्‌पिढ्या म्हणाले, यांच्या रक्तातच आहे. मग १९९७ साली रिचर्ड कूपर आणि त्याच्या साथीदारांनी एकाच मुळाच्या लोकांना तीन ठिकाणी मोजलं. पश्चिम आफ्रिकेत बीपी शंभरात १६ जणांना. कॅरिबियन बेटांवर २६. अमेरिकेत ३३. पूर्वज तेच. जहाजात कोंबून नेलेले आणि मागं राहिलेले. खाणं बदललं, वजन बदललं, जगणं बदललं, आणि आकडा दुप्पट झाला. एकाच रक्ताचे तीन आकडे! रक्ताचा दोष असता तर रक्त सगळीकडं सारखंच वागलं असतं.

या काळ्या भावांशी आपलं नातं पुढाऱ्यांच्या भाषणापुरतं नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव त्यांच्याकडून घेतलं. त्याच १९७२ साली ब्लॅक पँथरनं आपला दहा कलमी कार्यक्रम सुधारला आणि त्यात सगळ्या काळ्या आणि पिचलेल्या माणसांना फुकट औषधपाणी ही मागणी घातली. नुसती मागणी नाही. त्यांनी वस्त्यांत आपले दवाखाने काढले, तिथं बीपी पण तपासायचे. आपण त्यांचं नाव घेतलं, जॅकेट घेतलं, मूठ घेतली. दंडाचा पट्टा घ्यायचा राहिला. पन्नास वर्षं झाली.

त्यांच्यातल्याच शेरमन जेम्स नावाच्या अभ्यासकानं १९८३ साली उत्तर कॅरोलायनातल्या काळ्या मजुरांवर लिहिलं. त्यांच्या लोककथेत जॉन हेन्री नावाचा गडी आहे. घण घेऊन तो वाफेच्या यंत्राशी पैज लावतो, जिंकतो आणि जागेवर मरतो. जेम्स म्हणतो, शिक्षण नाही, साधन नाही, आणि तरी 'मी एकटा जिद्दीनं सगळं करीन' म्हणून जे छाती फोडून झटतात त्यांचं बीपी जास्त निघतं. हे वाचलं त्या रात्री मला झोप नाही. आमच्या प्रत्येक घरात एक जॉन हेन्री आहे. सत्काराला आपण त्यालाच बोलवतो. शाल घालतो आणि तो पन्नाशीत मेला की शोकसभा घेतो.

मग गप्प बसावं का? तर तेही नाही. १९९६ साली नॅन्सी क्रिगर आणि स्टीफन सिडनी यांनी काळ्या-गोऱ्या तरुणांना विचारलं की अन्याय झाल्यावर काय करता. काळ्या कामगारांत 'सोसतो' म्हणणारे, 'माझ्याशी भेदभाव झालाच नाही' म्हणणारे, यांचं बीपी उलट बोलणाऱ्यांपेक्षा जास्त. संघटना काढली की बीपी उतरतं असं त्या अभ्यासात लिहिलेलं नाही, मी पण तसं म्हणणार नाही. पण गिळलेली शिवी कुठं जाते याचा पत्ता लागला. आमच्यातले काही नवे साहेब आडनाव बदलून सोसायटीत राहतात आणि "आता कुठं जात राहिलीय" म्हणतात. त्यांचं बीपी कुणी तपासा रे.

रक्ताचीच गोष्ट निघाली म्हणून आणखी एक. बाचा जन्म १९७२च्या दुष्काळातला. आज्जी सात महिन्यांची गरोदर, दुष्काळी कामावर खडी फोडत होती. मिलोची भाकर आणि सुकडी. बा जन्मला तो चिपाडासारखा. १९८९ पासून इंग्लंडात डेव्हिड बार्कर आणि त्यांच्यासारख्यांनी जुनी दप्तरं उघडून दाखवलं की जन्मताना वजन कमी असलेल्यांचं मोठेपणी बीपी जास्त निघतं. पोटात उपाशी राहिलेल्या लेकराच्या किडनीत गाळण्या कमी तयार होतात असं काही शास्त्रज्ञ सांगतात. बाच्या बाबतीत हेच झालं असं छातीवर हात ठेवून मी कसं सांगू? त्याचं जन्मवजन कुणी मोजलं होतं! पण 'घराण्यात बीपी' या रकान्यात टिक करताना मला विचारावंसं वाटतं, साहेब, घराण्यात दुष्काळ, असा पण रकाना आहे का?

इतका वेळ मी पुरुषांचंच बोलतोय. आपल्या प्रत्येक अंकाची हीच खोड. बाई येते ती कवितेत, माय म्हणून, लुगड्याला ठिगळ लावून. तिचा दंड कुणी मोजत नाही.

तरुणपणी बीपी बाप्यांत जास्त, हे खरं. पण पाळी गेल्यानंतर बाई बरोबरी करते आणि मग पुढं निघून जाते. त्या वयात ती घरात कुणाच्याच हिशेबात नसते. माझी आय पहाटे उठून मिशरी लावते. तंबाखू भाजून काळी केली म्हणून तंबाखूच ती, निकोटिन हिरडीतून रक्तात जातं आणि बीपी चढवतं. आम्ही पोरं गुटख्याच्या पुड्या फोडतो. महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आणि टपरीवर कधीच तुटवडा नाही. पण आयच्या मिशरीला कुणी व्यसन म्हणत नाही, दात घासणं म्हणतात. भूक मारायला लावायची सवय ती. त्या काळात जेवण सगळ्यांत शेवटी तिच्या वाटणीला यायचं.

आणि वहिनी. सातव्या महिन्यात पाय सुजले, डोकं ठणकायचं, डोळ्यापुढं काजवे. शेजारणी म्हणाल्या मुलगा होणार. दवाखान्यात नेलं तेव्हा बीपी १७०च्या वर. झटके येता येता वाचली, लेकरू दीड किलोचं. घरी सोडताना कागद दिला, त्यात टाके कधी काढायचे ते होतं. हे नव्हतं की गरोदरपणात असं बीपी चढलेल्या बाईला पुढच्या आयुष्यात बीपीचा धोका तिप्पट-चौपट असतो, तिनं दरवर्षी तपासलं पाहिजे. पाळणा लांबवायच्या गोळ्यांनी काहींचं बीपी वाढतं, हे सुद्धा गोळ्या देणारी सांगत नाही. आणि दीड किलोचं ते लेकरू! वर बाची गोष्ट वाचलीत ना. आमच्या घरात तिसरी पिढी नाव नोंदवून आली.

आता आपल्या कार्यकर्त्यांना दोन शब्द, राग आला तरी चालेल. बैठक संपली की क्वार्टर निघते. दारूनं बीपी वाढतं, रोजच्या दारूनं जास्त वाढतं, आणि तुझ्या क्वार्टरमध्ये क्रांती नाही, ती ठेकेदाराची सोय आहे. तंबाखू मळणारा तळहात आणि घोषणेला वर जाणारा तळहात एकच. दुसरं, गोळी खाणं म्हणजे शरण जाणं नाही. "व्यवस्था बदलल्याशिवाय गोळी काय करणार" असं एक पदवीधर मित्र मला म्हणाला. माझा बा व्यवस्था बदलायच्या आधी लुळा पडला, भाऊ. अम्लोडिपिन सारखी गोळी स्वस्तातली स्वस्त आहे, रोज घेतली तर लकवा टळतो. बरं वाटलं म्हणून सोडायची नाही. मेडिकलच्या दिवशी एकदा खायची तर अजिबात नाही.

मागायचं काय ते पण स्पष्ट मागू. गेटावर बीपी मोजा, पण पास कापायला नाही, औषध द्यायला. ठेक्याच्या माणसाला तपासणीच्या दिवसाची हजेरी भरा. गोळ्यांची खिडकी रात्री आठला उघडी ठेवा, एका भेटीत तीन महिन्यांच्या गोळ्या द्या. दोन शिफ्टच्या मध्ये झोपेइतकं अंतर. यातलं काहीच चंद्रावरून आणायचं नाही.

तोवर आम्ही टोळीतल्या अकरा जणांनी वर्गणी काढून मशीन घेतलंय, सेलवर चालणारं. रविवारी सकाळी विहारात बसतो. आधी पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर. अर्धा तास आधी चहा नाही, तंबाखू नाही. लघवी करून यायचं. दंड काळजाच्या उंचीवर, दोनदा मोजायचं. १४०/९० किंवा त्याच्यावर गेलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि पुन्हा निघालं तर सोबत जाऊन दवाखान्यात उभं राहायचं, रोज बुडाला तर तो वर्गणीतून. पहिल्या रविवारी एकोणीस माणसं आली. सतरा बाप्ये, दोन बाया.

आयला तीन रविवार सांगतोय. म्हणते, "आधी भांडी होऊ दे."